सिंहगडावरून राजगड-तोरणा, जुन्या १३५ मधून: प्रकल्प नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

प्रकल्प काय आहे ते आधी नीट लिहून ठेवतो. सिंहगडाच्या झुंजार बुरुजावरून राजगड आणि तोरणा दिसतात, ते दोघं आणि त्यांच्या मागेपुढे पसरलेल्या रांगा, पाऊस सरल्यापासून वणवे लागेपर्यंत टिपत राहायच्या. बॉडी सेकंडहँड सोनी ए७ मार्क २, फुल फ्रेम, २४ मेगापिक्सेल. लेन्स सगळ्या जुन्या, सगळ्या मॅन्युअल, आणि मुख्य काम १३५ एमएम वर, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या टेलिफोटोवर.

जुन्या लेन्सचा विषय निघाला की लोक थेट हेलिओस या रशियन लेन्सवर आणि तिच्या गरगरणाऱ्या बॅकग्राउंडवर येतात. पोर्ट्रेटला ठीक आहे, पण डोंगर एफ ८ वर (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं भोक लहान) काढायचे असतात, तिथे मागे ब्लर व्हायला काही नसतंच, त्यामुळे ते गरगरणं आपल्या काही कामाचं नाही. लँडस्केपला जुनी लेन्स घ्यायची कारणं वेगळी. फोकसची रिंग लांब फिरते आणि जिथे ठेवली तिथेच राहते, ॲपर्चर (म्हणजे ते भोक) बोटाने कळतं, धातूची असूनही पिशवीत मावते, आणि स्वस्त. पण हे सगळं सरसकट सगळ्या जुन्या लेन्सना लागू नाही, आणि माझं म्हणणं हेच आहे की सह्याद्रीसाठी जुनी लेन्स घ्यायची तर वाइड शोधत बसू नका, १३५ घ्या.

एक तर १३५ कुणाला नको असते. फिल्मच्या काळात २८, ५०, १३५ असं त्रिकूट घेण्याची पद्धत होती, मग ७०-२१० वगैरे झूम आले आणि १३५ कपाटात गेल्या, म्हणून बाजारात ढिगाने आहेत. दुसरं म्हणजे ती बनवायला सोपी. चार-पाच काचांत चांगली १३५ होते. वाइड अँगलचं उलट आहे, एसएलआर मधे आरसा हलायला जागा लागते म्हणून काच फिल्मपासून लांब ठेवावी लागते, त्यासाठी उलट्या टेलिफोटोसारखी रचना करावी लागते (अँजेन्यूने १९५० मधे ३५ एमएम ची रेट्रोफोकस आणली ती हीच), आणि त्या काळातल्या बहुतेक स्वस्त २४-२८ चे कोपरे आजच्या सेन्सरवर बघवत नाहीत. तिसरं कारण डोंगर स्वतः. सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे, सपाट माथा, कातळाची पट्टी, खाली उतार, परत पट्टी. वाइडने हे सगळं खाली चेपलं जातं आणि वर नुसतं आभाळ उरतं. १३५ ने पट्ट्या मोजता येतात.

नकाशावर पट्टी लावून मापं काढली. बुरुजावरून राजगड साधारण १५ किलोमीटर, तोरणा साधारण १७. दोघांमधे जवळजवळ २५ अंशांचं अंतर. १३५ ची आडवी फ्रेम १५ अंश बघते, म्हणजे दोघं एका फ्रेममधे मावणार नाहीत, एकेकटेच. हेलिओसच्या ५८ एमएम मधे दोघं आरामात बसतात पण इवलेसे.

२८ सप्टेंबर

लेन्स सध्या तीन. सुपर-टाकुमार १३५ एफ ३.५ (एम४२ माउंट, माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते ती जोडणी), निकॉर १३५ एफ २.८ (निकॉन एफ माउंट, एआय-एस), आणि घरातल्या झेनिट-ई बरोबर आलेली हेलिओस ४४-२. रशियन कॅमेरे त्या काळी आपल्याकडे बऱ्यापैकी यायचे, अनेकांच्या घरी माळ्यावर असतील, शटर बंद पडलेलं असतं पण लेन्स ठणठणीत. हेलिओस म्हणजे मूळ जर्मन झाइस कंपनीच्या बायोटार ५८ एफ २ ची रशियन आवृत्ती.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक माउंटमधे लेन्सची मागची कड आणि सेन्सर यांच्यात ठरलेलं अंतर असतं. एम४२ ला ४५.४६ एमएम, निकॉन एफ ला ४६.५, सोनी ई ला फक्त १८. उरलेलं अंतर अडॅप्टर नावाची रिकामी नळी भरून काढते, एम४२ साठी २७.४६ एमएम, निकॉनसाठी २८.५. आत काच वगैरे काही नाही. मिररलेस (आरसा नसलेले) कॅमेरे आल्यावर जुन्या लेन्सना जे दिवस आले ते एवढ्याशा गणितामुळे. निकॉनच्या डीएसएलआर वर एम४२ लावली तर हेच गणित उलटं पडतं, एक एमएम जास्तीचं होतं आणि लांबचं फोकसच होत नाही, म्हणजे डोंगरांसाठी बाद. तिथे काच असलेला अडॅप्टर लागतो आणि ती काच बहुतेक वेळा टुकार असते.

सोनीच्या मेनूत लेन्स नसतानाही शटर चालू द्या असं एक सेटिंग आहे, ते चालू केल्याशिवाय कॅमेरा क्लिकच करत नाही. स्टेडीशॉटमधे (हात हलल्याचा परिणाम सावरणारी सोय) फोकल लेंग्थ हाताने १३५ टाकायची, आणि ट्रायपॉडवर स्टेडीशॉट बंद. ॲपर्चर, लेन्सचं नाव, काहीच फाइलमधे नोंदलं जात नाही, म्हणून तर ही वही.

धायरीच्या गच्चीतून सिंहगडावरचा टॉवर दिसतो. टेस्टसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही, आभाळासमोर बारीक बारीक लोखंडी जाळी. फोकस चुकलं, जांभळी कड आली, लेन्स एका बाजूला वाकडी असली, सगळं त्यात कळतं. टॉवर फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने आणून एफ ५.६ ला फोटो काढायचे, एकच कोपरा बाकी तिघांपेक्षा वाईट आला तर लेन्स कधीतरी पडलीये किंवा कुणीतरी उघडून वाकडी बसवलीये. माझ्या दोन्ही १३५ पास.

अडॅप्टर मात्र दोन्ही किंचित आखूड निघाले. हे मुद्दामच करतात, इन्फिनिटी (सगळ्यात लांबचा फोकस) चुकू नये म्हणून थोडं पुढे जाऊ देतात. याचा अर्थ रिंगवरचं आडव्या आठाचं चिन्ह आता भरवशाचं राहिलं नाही, रिंग शेवटपर्यंत फिरवली की टॉवर मऊ होतो, थोडी मागे आणली की टोकदार. रिंगवर कागदी टेपचा बारीक तुकडा लावून खरी इन्फिनिटी कुठे आहे ती खूण केली. हे एवढं काम प्रत्येक लेन्स-अडॅप्टर जोडीला एकदा करावंच लागतं, आणि जोडी बदलली की परत.

६ ऑक्टोबर, रविवार

पहाटे आतकरवाडीतून चढून वर. गवत अजून हिरवं, उतारावर सोनकी पिवळीधमक, आणि तोरणा पूर्ण ढगात. राजगडाचा बालेकिल्ला तेवढा मधून मधून डोकं काढत होता. टाकुमारने काही फ्रेम घेतल्या, घरी येऊन बघतो तर सगळ्यावर दुधाळ पडदा. हवा तशी धुतलेली होती, समोर थेट ऊनही नव्हतं.

संध्याकाळी लेन्स काढून कॅमेऱ्याच्या बाजूने अडॅप्टरच्या आत बघितलं आणि उत्तर मिळालं. आतली भिंत काळी आहे पण चकचकीत काळी. १३५ च्या मागून येणारा प्रकाश सेन्सरपेक्षा बराच मोठा गोल असतो, उरलेला सगळा त्या भिंतीवर आपटून सेन्सरवर सांडतो. वरती उजळ ढगाळ आभाळ असेल तर जास्तच. जुन्या लेन्स धुरकट असतात असं जे सरसकट बोललं जातं त्यातला निम्मा दोष या स्वस्त नळ्यांचा असावा असं मला आता वाटायला लागलंय.

उपाय सोपा. टेलिस्कोपवाले वापरतात तो चिकट पाठीचा काळा मखमली फ्लॉकिंग पेपर, त्याची पट्टी कापून आतून चिकटवली. धागे सुटून सेन्सरवर पडू नयेत म्हणून कडा आधी टेपने चेपून उचलून घेतल्या. गच्चीतून तोच टॉवर, तेच ढग, आधी आणि नंतर, हिस्टोग्रामची (उजेड-अंधाराच्या आलेखाची) डावी बाजू चक्क सरकून काळ्यापर्यंत गेली. नवीन लेन्स घ्यायच्या आधी हे करा.

२० ऑक्टोबर, रविवार, केळद

हे प्रकल्पात बसत नाही पण लिहितोच. त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसतोय म्हणून वेल्ह्याच्या पुढे केळदला मढे घाटावर गेलो, खाली सरळ कोकण, पश्चिम पूर्ण उघडी. दुपारी पावसाची सर येऊन गेली होती, सातच्या सुमारास आभाळ फाटलं.

आधी फोकस. जुन्या लेन्सला रात्री फोकस करायला चमकदार काहीतरी हवं, शुक्र अजून क्षितिजाच्या वर होता, त्याच्यावर मॅग्निफाय करून ठिपका सर्वात लहान होईपर्यंत रिंग फिरवली. दिवसा लावलेली टेपची खूण आणि ही जागा केसभर सोडली तर एकच. मग निकॉर एफ २.८, आयएसओ ३२००, दोन सेकंद. १३५ ला दोन सेकंदातच तारे तीन-एक पिक्सेल सरकतात, त्याच्या वर गेलं की रेघा. शेपटी साध्या डोळ्यांना अंधुक, सेन्सरवर मात्र लांबच लांब. पण १३५ मधे धूमकेतू एकटाच, जमीन कुठेच नाही. जमीन पाहिजे तर हेलिओस उभी धरून, एफ २.८, पाच सेकंद, खाली डोंगराची काळी कड आणि वर धूमकेतू. हीच फ्रेम ठेवणार.

मुक्काम ज्यांच्याकडे होता त्या मावशी म्हणाल्या, "एवढ्या अंधारात कड्यावर कशाला जाताय, इथं अंगणातनंच काढा की." अंगणातून खरंच दिसत होता.

२ नोव्हेंबर

पाडवा. कॅमेऱ्याला हात नाही. डब्यातलं सिलिका जेल मात्र गुलाबी झालं होतं ते तव्यावर तापवून परत निळं केलं. लेन्सचा डबा म्हणजे साधा रबरी कडेचा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, आत छोटा हायग्रोमीटर, आर्द्रता ४० ते ५० टक्के. त्याच्या वर गेली की फंगस, फार खाली गेली की ग्रीस सुकायचं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

जुन्या बाजारात ज्युपिटर-३७ए मिळाली, १३५ एफ ३.५, एम४२, साडेतीन हजारांत. विकणारा पाच म्हणत होता. बाजारात जुनी लेन्स बघायची तर मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बघायचं, फंगस जाळीसारखी दिसते, हेझ धुक्यासारखी, आणि धूळ असेल तर सोडून द्या, धुळीने फोटोला काही होत नाही. मग रिंग पूर्ण फिरवून बघायची, ॲपर्चरच्या ब्लेडवर तेल आहे का बघायचं. हिच्या कडेच्या काचेवर फंगसचा नखाएवढा कोळी होता, म्हणून भाव उतरला.

दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी दोन मिनिटांत पुढचं रिंग काढलं, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया मिसळून काच पुसली, कोटिंगवर (काचेवरचा चमक कमी करणारा थर) पुसट खूण राहिली तेवढी. फोकस रिंग इतकी जड की दोन्ही हात लागतात, जुनं रशियन ग्रीस हिवाळ्यातल्या तुपासारखं झालंय. काका म्हणाले, "आत्ता बदलू नकोस, उन्हाळ्यात आण. थंडीत तुला कळेल तरी नक्की किती जड आहे ते." मला हे लॉजिक अजून समजलेलं नाही पण काकांशी कोण वाद घालणार.

ही लेन्स प्रीसेट ॲपर्चरवाली, म्हणजे ॲपर्चरच्या दोन रिंगा. एकीवर एफ ८ ठरवून ठेवायचं, दुसरीने पूर्ण उघडायचं आणि पूर्ण बंद करायचं, ती मधे कुठेच अडखळत नाही आणि बंद करताना बरोबर एफ ८ वरच थांबते. फिल्म कॅमेऱ्यावर हा वैताग असणार, व्ह्यूफाइंडर काळा व्हायचा. मिररलेसवर आणि ट्रायपॉडवर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, उघडून फोकस, डोळा न हलवता बंद, क्लिक. १२ ब्लेड असल्याने भोक नेहमी जवळजवळ गोल.

हिचं मूळ झाइसचं सोनार, लुडविग बेर्टेले यांचं १९३० च्या आसपासचं डिझाइन. महायुद्धानंतर झाइसचं बरंच सामान आणि काच रशियात गेली, त्यातून ही ज्युपिटर मालिका आली.

२४ नोव्हेंबर, रविवार

तिन्ही १३५ एकाच ट्रायपॉडवर, एकाच सकाळी, तोरण्यावर. सकाळी ऊन डावीकडून आडवं येतं त्यामुळे कातळाच्या पट्ट्या खोदल्यासारख्या दिसतात, तपशील बघायचा तर हीच वेळ.

१७ किलोमीटरवर या सेन्सरचा एक पिक्सेल म्हणजे तोरण्यावरचे साधारण ७५ सेंटिमीटर. म्हणजे तटबंदीचा बुरूज कळतो, माणूस कळत नाही. एवढ्या लांबून लेन्सच्या आधी हवा हरते, त्यामुळे कुठली लेन्स शार्प यावर भांडायला फारशी जागा उरत नाही. एफ ८ ला मधल्या भागात तिघींत मला काही फरक दिसला नाही. कोपऱ्यांत निकॉर पुढे, टाकुमार जरा मागे पण रंग सगळ्यात सुंदर, सकाळच्या उन्हात गवताचा पिवळा वेगळाच येतो. ज्युपिटरचा कॉन्ट्रास्ट तिघींत कमी, पण रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधून तो सहज वाढवता येतो. एफ ११ पर्यंत ठीक, एफ १६ ला तिघीही मऊ होतात, ते डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरणं, त्याला लेन्स काय करणार. पूर्ण उघड्यावर टाकुमारला दगडांच्या कडांना जांभळी झालर येते, एफ ५.६ ला जाते.

वारा हा खरा शत्रू. लेन्स अधिक अडॅप्टर सगळं वजन पुढे लोंबतं आणि बुरुजावर वारा थांबत नाही. बॅग ट्रायपॉडला टांगली, दोन सेकंदाचा टायमर, इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन (शटरचा धक्का कमी करणारं सेटिंग) चालू. तरी १/६० ते १/४ मधल्या फ्रेम हललेल्या. आयएसओ ४०० करून १/२५० वर गेलो आणि प्रश्न मिटला, आजच्या सेन्सरवर आयएसओ ४०० म्हणजे काहीच नाही, उगाच आयएसओ १०० चा हट्ट धरायचा नाही.

एका मित्राची जुनी २८ एमएम पण नेली होती, जपानी, नाव सांगत नाही. मध्यभाग बरा, कोपऱ्यांत एफ ११ ला सुद्धा झाडं वितळलेली. शिवाय तिच्यात राजगड म्हणजे क्षितिजावरचा एक खिळा. फोरग्राउंड पाहिजे असणाऱ्याने तिच्यावर वेळ घालवावा. १३५ चं नेमकं उलट आहे, एफ ८ ला हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केलं की थोड्या अलीकडून थेट इन्फिनिटीपर्यंत शार्प येतं) ७५ मीटरच्या पुढे जातं, समोरचं गवत आणि मागचा किल्ला दोन्ही शार्प येणं शक्यच नाही. त्यामुळे समोरचं गवत फ्रेमच्या बाहेर ठेवायचं आणि पहिली रांग हेच फोरग्राउंड मानायचं. यामुळे फ्रेम फार सुटसुटीत होते.

परतताना देवटाक्याजवळ मडक्यातलं दही. याची नोंद पाहिजेच.

१५ डिसेंबर, रविवार

महिन्याचा पहिला आठवडा ढगाळ आणि उबदार गेला, फेंगल चक्रीवादळाची कृपा, आता थंडी परतलीये. पहाटे बुरुजावर पोहोचलो तर खाली गुंजवणीच्या खोऱ्यात धुकं भरून राहिलेलं आणि राजगड त्याच्यावर तरंगतोय. यासाठीच हा सगळा उद्योग.

दोन्ही किल्ले एकत्र पाहिजेत आणि मोठेही पाहिजेत, तर १३५ उभी धरून चार फ्रेम, प्रत्येकी एक तृतीयांश ओव्हरलॅप. उभी फ्रेम १० अंश बघते, चारांत ३० अंश होतात, राजगडाच्या थोडं डावीकडून तोरण्याच्या थोडं उजवीकडेपर्यंत. सगळं लांबचं असल्याने नोडल पॉइंट (लेन्स नेमक्या कुठल्या बिंदूभोवती फिरवायची) वगैरे भानगड नाही, साधं ट्रायपॉडचं डोकं लेव्हलमधे फिरवायचं. मॅन्युअल लेन्सचा इथे खरा फायदा, फोकस, ॲपर्चर काहीच फ्रेम टू फ्रेम बदलत नाही, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्सही मी लॉक केलेले. जोडल्यावर १२,००० बाय ६,००० पिक्सेल. ३०० डीपीआय ला ४० बाय २० इंच.

धुकं हलत असतं हे मात्र लक्षात ठेवायला हवं, चार फ्रेम भरभर संपवायच्या, नाहीतर जोडावर ढगाला पायरी येते. हा सेट मी पुन्हा पुन्हा घेतला आणि त्यातला एकच एकदम जुळला. ज्युपिटरची रिंग एवढ्या थंडीत हलतच नव्हती. फोकस एकदा लावलं की सरकायची भीती नाही एवढं समाधान.

२२ डिसेंबर, रविवार

वर्षातला सगळ्यात दक्षिणेकडचा सूर्यास्त काल-आजचा. गणित आधीच करून ठेवलं होतं, तोरण्याच्या उजवीकडे साधारण १० अंशांवर सूर्य बुडतो आणि १३५ ची फ्रेम १५ अंशांची, म्हणजे वर्षात हे थोडेच दिवस असे की तोरणा आणि मावळता सूर्य एका फ्रेममधे येतात. तोरण्याच्या मागे मात्र तो इथून कधीच जात नाही, तशी अपेक्षा ठेवून कुणी वर येऊ नये.

संध्याकाळी ऊन रांगांच्या मागून येतं, तपशील जातो आणि नुसत्या कडा उरतात, एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या. जुन्या कोटिंगची परीक्षा पण हीच. टाकुमारला एकच थर कोटिंग (पेंटॅक्सची सात थरांची एसएमसी १९७१ मधे आली, ही त्याच्या आधीची), सूर्य फ्रेममधे आला की सगळं चित्र कोमट नारिंगी धुतलं जातं आणि मधे एक हिरवा गोळा. निकॉरला गोळा नाही, काळे भाग काळेच राहतात, आणि सात ब्लेडमुळे एफ ११ ला सूर्याला चौदा टोकांचा तारा. ज्युपिटरचा तारा होत नाही, बारा ब्लेडचं गोल भोक, सूर्य नुसता गोल गरगरीत.

कुणी म्हणेल टाकुमारचा नारिंगी पडदाच छान, त्याला जुन्या काळाचा फील आहे. मला नाही पटत. सावल्यांवर पडलेला तो प्रकाश परत काढता येत नाही, आणि फीलच पाहिजे तर नंतर एडिटिंगमधे कितीही घालता येतो. फक्त एक अपवाद, सूर्य बुडून गेल्यावर दहा मिनिटं टाकुमार सगळ्यात चांगली होती, समोर थेट प्रकाश नाही आणि रंग तिचे. सूर्य फ्रेमच्या थोडा बाहेर असताना डोक्यावरची टोपी काढून लेन्सवर सावली धरायची, हूडपेक्षा जास्त उपयोग होतो.

अंधार पडायच्या आत पायवाटेला लागायचं होतं त्यामुळे शेवटच्या फ्रेम घाईत.

१२ जानेवारी २०२५, रविवार

घरीच, एडिटिंग. डार्कटेबल या एडिटिंग सॉफ्टवेअरमधे सगळं ब्लॅक अँड व्हाइट करून बघितलं. फिल्मवाले लांबच्या डोंगरांना लाल फिल्टर लावायचे कारण हवेतला विरळ धुरकटपणा निळा प्रकाश जास्त विखुरतो आणि लाल कमी, लालमधून डोंगर स्पष्ट होतो. माझ्याकडे ५२ एमएम चा लाल फिल्टर आहे, निकॉर आणि ज्युपिटर दोघींना बसतो, पण डिजिटलवर तो लावायचा नाही असं ठरवलं. सेन्सरवर चारात एकच पिक्सेल लाल, बाकीचे तीन उपाशी राहतात. रंगीत घेऊन नंतर लाल चॅनेल जास्त वापरायचा, परिणाम तोच.

आणि मग सहज उलटं केलं, निळा चॅनेल वर नेला. डिसेंबरच्या संध्याकाळच्या फ्रेममधे जिथे तीन रांगा दिसत होत्या तिथे पाच वेगळ्या झाल्या. साहजिक आहे, निळ्यात धूसरपणा जास्त दिसतो, म्हणजे प्रत्येक मागची रांग अजून फिकट, म्हणजे कडा अजून सुट्या. सकाळच्या फ्रेमना लाल, संध्याकाळच्यांना निळा. लांबच्या हवेशी भांडायचं की नाही हे उजेडावर ठरतं. नॉइज वाढतो निळ्यात, पण प्रिंटला तो ग्रेनसारखा बसतो.

९ फेब्रुवारी, रविवार

गवत पूर्ण वाळलं. उतारांवर जळालेल्या पट्ट्या दिसायला लागल्यात आणि दुपारनंतर हवेत धूर. सकाळी नऊच्या पुढे १३५ चा काही उपयोग नाही, दगड तापतात आणि हवा थरथरते, मॅग्निफाय करून बघितलं तर राजगडाचा बालेकिल्ला पाण्यात बुडाल्यासारखा हलतो. नवी लाखाची लेन्स असती तरी हेच झालं असतं. म्हणून या महिन्यात फक्त सूर्योदयाच्या आगेमागे तासभर.

धुराचा एक फायदा झाला, समोरच्या दरीतून वणव्याचा धूर आडवा पसरला आणि दोन रांगांच्या मधे बसला, निकॉर एफ ८, मधल्या रांगेवर फोकस. रंगात ती फ्रेम राखाडी-तपकिरी आहे, काहीच नाही त्यात, निळ्या चॅनेलमधे मात्र ती या प्रकल्पातली सर्वात चांगली असू शकेल.

खाली उतरताना एका ट्रेकरने विचारलं की एवढ्या जुन्या लेन्सपेक्षा सरळ ७०-२०० का नाही घेत. प्रश्न रास्त आहे. मी त्याला सांगितलं की घे, झूम जास्त सोयीची आहे, फक्त ती दर रविवारी पाठीवर घेऊन चढून दाखव.

२ मार्च, रविवार

हंगाम संपला. प्रिंटला दिलेल्या: डिसेंबरचा चार फ्रेमचा पॅनोरमा ४० बाय २० मधे, तोरणा सकाळचा आणि संध्याकाळचा शेजारी शेजारी प्रत्येकी २० बाय १३ (२४ मेगापिक्सेलमधून ३०० डीपीआय ला एवढंच निघतं, आणि भिंतीसाठी पुरतं), आणि फेब्रुवारीची धुराची फ्रेम. धूमकेतूची वेगळी. मॅट कागद, चकचकीत नको.

कुणी सुरुवात करत असेल आणि एकच घ्यायची असेल तर माझं मत निकॉर १३५ एफ २.८, लेन्समधेच बसवलेलं, बाहेर ओढून काढायचं हूड आहे, कोटिंग चांगलं, आणि ॲपर्चरच्या क्लिक अंधारात मोजता येतात. वापरायला मजा ज्युपिटरची जास्त. टाकुमार मी ठेवणार आहे पण कुणाला घ्या असं सांगणार नाही, रंगांचं वेड असेल तरच. त्याच घराण्यातल्या ५० एफ १.४ वर नजर असेल तर थोरियमची काच पिवळी पडलेली असते, काही दिवस यूव्ही दिव्याखाली किंवा उन्हात ठेवली की बरीच उतरते.

पुढची फेरी वळवाच्या पावसानंतर, एखादी जोरदार सर पडून गेली की दुसऱ्या सकाळी हवा काचेसारखी होते आणि गवत अजून उगवलेलं नसतं, नुसता उघडा कातळ. तो तोरणा माझ्याकडे अजून नाही. ज्युपिटर आज काकांकडे टाकलीये ग्रीस बदलायला, एप्रिलअखेर देतो म्हणाले, म्हणजे मे धरून चालायचं.